ऑनलाइन बी.कॉम.साठी कमी खर्चात पुस्तके आणि वर्ग सुरू होण्याआधीची तयारी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : बारावीनंतर काही वर्षे शिक्षण थांबले होते, आता फोर्टमधील नोकरी आणि डोंबिवलीहून रोजचा प्रवास सांभाळून आपण ऑनलाइन बी.कॉम.ला प्रवेश घेतला आहे; वर्ग सुरू व्हायला दोन महिने आहेत; परिचितांनी दिलेल्या यादीतील सगळी पुस्तके नवी घेतली तर खर्च सात हजार रुपयांच्या पुढे जातो; तेव्हा ही पुस्तके स्वस्तात कोठे मिळतील आणि तोपर्यंत काय वाचून ठेवावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मुंबईतील एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी अनेक वर्षे काम करीत आहे आणि नोकरी करून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना पुस्तके मिळवून देणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. त्या अनुभवावरून माझे पहिले सांगणे हे की, ती यादी सध्या बाजूला ठेवावी आणि पुढील दोन-तीन आठवडे एकही पुस्तक विकत घेऊ नये. पुस्तकांवरचा बहुतेक वाया जाणारा पैसा महाग पुस्तकांमुळे जात नाही. तो घाईने घेतलेल्या, भलत्याच अभ्यासक्रमाच्या पुस्तकांमुळे जातो, आणि त्यांतली बरीचशी स्वस्तातच मिळालेली असतात.

परिचितांची यादी निरुपयोगी ठरण्याचे कारण साधे आहे. वाणिज्य शाखेची क्रमिक पुस्तके विद्यापीठ, वर्ष, सत्र आणि विषयपत्रिका पाहून छापली जातात. मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारचा नवा पदवी अभ्यासक्रम 2024-25 पासून प्रथम वर्षाला लागू झाला आणि त्यानंतर विषयांची मांडणी, श्रेयांक (क्रेडिट) आणि काही ठिकाणी विषयांची नावेही बदलली. म्हणजे ज्यांनी त्याआधी प्रथम वर्ष पूर्ण केले, त्यांची पुस्तके आजच्या त्याच विद्यापीठाच्या विद्यार्थ्यालाही जशीच्या तशी लागू पडत नाहीत. आपण विद्यापीठाचे नाव लिहिलेले नाही. ते राज्याबाहेरचे असेल तर मुंबईच्या प्रकाशकांची सत्रनिहाय पुस्तके आपल्या फारशी कामाची नाहीत, मग ती दादरला कितीही सवलतीत मिळोत.

म्हणून आधी तीन गोष्टी मिळवाव्यात : आपल्या प्रवेशाच्या वर्षाला लागू असलेला विषयवार अभ्यासक्रम, विद्यापीठाने स्वतः तयार केलेले स्वयं-अध्ययन साहित्य आणि जितक्या मिळतील तितक्या मागील प्रश्नपत्रिका. अभ्यासक्रमाची प्रत विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. नसेल तर अभ्यासकेंद्राला किंवा कार्यक्रम समन्वयकांना ई-मेलने मागावी, कारण ती मिळणे हा प्रवेशित विद्यार्थ्याचा हक्क आहे. तिच्या शेवटी संदर्भग्रंथांची यादी असते आणि ती पाहून पुष्कळ जण धास्तावतात. त्यातील दहा-बारा नावे सर्व विकत घेण्यासाठी दिलेली नसतात. ती अध्यापकांच्या सोयीसाठी आणि ग्रंथालयांच्या खरेदीसाठी असतात. विद्यार्थ्याने घटकांची शीर्षके वाचावीत आणि प्रत्येक घटकापुढे तो कोठून वाचता येईल, हे पेन्सिलने लिहीत जावे. या एका कागदावर पुढचे सगळे काम अवलंबून आहे, म्हणून तो नीट करावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची 2020 ची नियमावली आहे. तिच्यानुसार ऑनलाइन अभ्यासक्रम चार अंगांनी चालवावा लागतो : ध्वनिचित्रित व्याख्याने, वाचनसाहित्य, चर्चा आणि स्वयंमूल्यमापन. म्हणजे वाचनसाहित्य आपल्या शुल्कातच धरलेले आहे आणि त्याचाच विषय सांगणारे पुस्तक पुन्हा विकत घेणे हा दुहेरी खर्च होय. मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्राचे, म्हणजे पूर्वीच्या आयडॉलचे, साहित्य पीडीएफ स्वरूपात उपलब्ध असते; नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची अनेक पुस्तके मराठीत आहेत; इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने तर छापील संचाऐवजी केवळ डिजिटल प्रत निवडणाऱ्यांना शुल्कात 15 टक्के सवलत दिलेली आहे. अशी निवड प्रवेश अर्जातच विचारली जाते आणि घाईत भलत्याच चौकटीवर खूण केली जाते, एवढे ध्यानात असू द्यावे. जाता जाता एक सांगतो. आपल्या अभ्यासक्रमाला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का आणि प्रवेशाच्या वेळी आपला डीईबी आयडी, म्हणजे त्याच विभागाचा विद्यार्थी ओळख क्रमांक, तयार झाला आहे का, हे आजच पाहावे. मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाची पुस्तके फुकट मिळाली तरी महागच.

हे साहित्य हाती आल्यावर ते कोठे अपुरे पडते, हे पाहावे. विद्यापीठांच्या साहित्याचा दर्जा सारखा नसतो. सिद्धान्ताच्या विषयांत, म्हणजे व्यवसाय संघटन, पर्यावरण, व्यावसायिक संप्रेषण यांत, ते बहुधा पुरेसे असते. लेखाकर्म आणि संख्याशास्त्र यांत मात्र ते कमी पडते, कारण तेथे दोन-तीन सोडवलेली उदाहरणे देऊन लेखक पुढे सरकतात आणि विद्यार्थ्याला गरज असते ती सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या पंचवीस-तीस उदाहरणांची. म्हणून विकत घ्यायचेच असेल तर या दोन विषयांचे प्रत्येकी एक, भरपूर उदाहरणांचे पुस्तक घ्यावे. पहिल्या सत्रासाठी याहून अधिक खरेदीची गरज मला बहुतेक विद्यार्थ्यांच्या बाबतीत दिसलेली नाही.

आता जुन्या आवृत्तीचा प्रश्न, कारण स्वस्ताईचा सगळा खेळ त्यावर आहे. जुनी आवृत्ती चालेल की नाही, याचे उत्तर विषयानुसार बदलते आणि विक्रेता ते सांगत नाही. संख्याशास्त्रातील मध्य, बहुलक, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांत काही बदललेले नाही. दहा वर्षांपूर्वीचे पुस्तक निःशंक घ्यावे. सूक्ष्म अर्थशास्त्रातील मागणी-पुरवठा, लवचीकता, उत्पादन खर्च यांबाबतही तेच. आर्थिक लेखाकर्मात रोजकीर्द, खतावणी, तेरीज, अंतिम खाती, घसारा हा पाया स्थिर आहे; मात्र जेथे लेखामानके किंवा कंपनीच्या ताळेबंदाचा नमुना येतो, तेथे निदान कंपनी अधिनियम 2013 नंतरचे पुस्तक हवे. व्यवसाय कायद्यात फरक अधिक बारीक आहे. भारतीय करार अधिनियम 1872 चा, मालविक्री अधिनियम 1930 चा आणि भागीदारी अधिनियम 1932 चा, त्यामुळे या भागांसाठी जुने पुस्तक बहुतांशी चालते; पण त्याच पुस्तकातील ग्राहक संरक्षणाचे प्रकरण 1986 च्या कायद्यावर लिहिलेले असेल तर ते वाचूच नये, कारण आता 2019 चा अधिनियम लागू आहे. फौजदारी तरतुदींचा उल्लेख जेथे येतो, तेथेही 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, हे लक्षात ठेवावे.

करविषयक पुस्तकाच्या बाबतीत मात्र मी कोणतीही सवलत देणार नाही. वित्त अधिनियमामुळे दरवर्षी दर आणि मर्यादा बदलतात, म्हणून आयकराचे दोन वर्षांपूर्वीचे पुस्तक एरवीही धोक्याचे असते. त्यात 1 एप्रिल 2026 पासून 1961 च्या आयकर अधिनियमाच्या जागी आयकर अधिनियम 2025 लागू झाला असून कलमांचे क्रमांक बदलले आहेत, आणि पूर्वीचे वर्ष व कर निर्धारण वर्ष या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. वस्तू व सेवा कराचे अनेक दरही 22 सप्टेंबर 2025 पासून नव्याने बसवले गेले आहेत. फुटपाथवर अशा विषयांच्या जुन्या पुस्तकांचे ढीग अगदी पडत्या भावात दिसतील, आणि ते तसे का दिसतात हे आता वेगळे सांगण्याची गरज नाही. हे विषय आपल्याला बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी येतील. तोवर ती पुस्तके घेऊन ठेवण्यात काहीही अर्थ नाही, आणि परीक्षा कोणत्या वर्षाच्या कायद्यावर घेतली जाणार आहे, हे विद्यापीठाच्या सूचनेत पाहूनच त्या वेळी खरेदी करावी.

पैसे न देता अधिकृतपणे मिळणारे साहित्य किती आहे, याची कल्पना बहुतेक विद्यार्थ्यांना नसते. वाणिज्य शाखेसाठी माझ्या मते सर्वांत उपयुक्त साठा म्हणजे भारतीय सनदी लेखापाल संस्थेच्या अध्ययन मंडळाचे साहित्य. सीए व्हायचे नसले तरी त्यांच्या फाउंडेशन पातळीच्या चार विषयांची, म्हणजे लेखाकर्म, व्यवसाय कायदे, गणित-संख्याशास्त्र आणि व्यवसाय अर्थशास्त्र यांची, पूर्ण पुस्तके संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. प्रथम वर्ष बी.कॉम.चे बरेच घटक त्यांत येतात, उदाहरणे मुबलक असतात आणि नव्या कायद्यांनुसार ती सुधारली जातात. त्यांची काठिण्यपातळी आपल्या परीक्षेपेक्षा थोडी वरची आहे, त्यामुळे सगळे सोडवण्याचा अट्टहास करू नये. आपल्या अभ्यासक्रमातील घटक तेवढे निवडावेत. दुसरा साठा ईज्ञानकोश या संकेतस्थळाचा. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची पाठ्यपुस्तिका तेथे घटकवार ठेवलेली आहे, आणि एखादी संकल्पना आपल्या विद्यापीठाच्या साहित्यात नीट उलगडलेली नसेल तर तोच घटक तेथे वाचून पाहावा. कायद्याच्या मूळ पाठासाठी केंद्र सरकारचे इंडिया कोड हे संकेतस्थळ पुरेसे आहे. अधिनियमाची स्वतंत्र पुस्तिका विकत घेण्याची गरज नाही.

व्याख्यानांसाठी 2017 मध्ये सुरू झालेले स्वयम् हे व्यासपीठ पाहावे. व्याख्याने ऐकण्यास शुल्क नाही. प्रमाणपत्र हवे असेल आणि परीक्षा द्यायची असेल तेव्हाच ते भरावे लागते. खरगपूरच्या आयआयटीने चालवलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय शोध घेण्यासाठी चांगले आहे, परंतु तेथे दिसणारे प्रत्येक पुस्तक उघडेलच असे नाही, कारण काही दुवे सशुल्क साठ्यांकडे जातात. अमेरिकेतील राईस विद्यापीठाचा ओपनस्टॅक्स हा उपक्रम संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्रासाठी वापरण्याजोगा आहे. त्यांचे लेखाकर्माचे पुस्तक मात्र मी सुचवीत नाही. ते वाईट नाही, पण त्यातील पद्धती आणि ताळेबंदाचे स्वरूप अमेरिकन असल्यामुळे नवशिक्याचा गोंधळ उडतो. ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ या 2025 पासूनच्या योजनेबद्दलही विद्यार्थी विचारतात. ती संशोधन नियतकालिकांसाठी आहे. प्रथम वर्षाच्या पाठ्यपुस्तकांशी तिचा संबंध नाही.

आता बाजाराकडे येऊ. आपण मध्य रेल्वेने प्रवास करता, तेव्हा माटुंगा आपल्या वाटेवरच आहे. माटुंगा पूर्वेला किंग्ज सर्कलच्या, म्हणजे महेश्वरी उद्यानाच्या परिसरात पदपथावर जुन्या क्रमिक पुस्तकांचे विक्रेते बसतात आणि शैक्षणिक पुस्तकांसाठी मुंबईत मी आधी त्यांच्याकडेच पाठवतो. जलद लोकल माटुंग्याला थांबत नाही, हे आपण जाणताच. परतीच्या वेळी धिमी गाडी धरावी किंवा शनिवारी वेगळी वेळ काढावी. तेथील व्यवहाराची एक पद्धत समजून घ्यावी : पुस्तक घेतानाच ते परत आणल्यास किती रक्कम मिळेल, हे विचारावे आणि विक्रेत्याकडून ते पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावे. असे ठरले तर पुस्तकाची खरी किंमत म्हणजे दिलेल्या आणि परत मिळणाऱ्या रकमेतील फरक एवढीच राहते. तोंडी ठरलेला भाव सहा महिन्यांनी कोणाच्याही लक्षात राहत नाही. फोर्टमध्ये हुतात्मा चौकाजवळचे विक्रेते आपल्या कार्यालयापासून जवळ आहेत, परंतु तेथे कादंबऱ्या आणि सर्वसाधारण वाचनाची पुस्तके अधिक; मधल्या सुटीत चक्कर टाकायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नये. नवी पुस्तके घ्यायची असतील तर दादर पश्चिमेला स्थानकाजवळच्या दुकानांत छापील किमतीवर सवलत मिळते आणि प्रत हातात घेऊन पाहता येते, हा लाभ ऑनलाइन खरेदीत नाही.

खरेदीची वेळही पाहावी. परीक्षा आणि निकाल यांनंतर जुन्या पुस्तकांची आवक वाढते आणि महाविद्यालये सुरू झाली की मागणीबरोबर भाव चढतात. ऑनलाइन अभ्यासक्रमांना जुलै आणि जानेवारी अशी दोन प्रवेशसत्रे असतात. जुलैच्या सत्राला प्रवेश घेणाऱ्याने मे अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात फेरी मारावी; पाऊस लागला की पदपथावरचा माल ताडपत्रीखाली जातो आणि चाळून पाहणे कठीण होते. जानेवारीच्या सत्रासाठी बाजारात फारशी हालचाल नसते, म्हणून त्या विद्यार्थ्यांनी बाजाराऐवजी मागील तुकडीतील विद्यार्थ्यांकडूनच पुस्तके मिळवावीत.

जुने पुस्तक घेताना मुखपृष्ठावर जाऊ नये. आतील पानावर आवृत्तीचे वर्ष आणि पुनर्मुद्रणाचे वर्ष वेगळे दिलेले असते. आपल्याला आवृत्तीचे वर्ष हवे. 2018 ची आवृत्ती 2023 मध्ये पुन्हा छापली तर ती नवी होत नाही. ऑनलाइन मागवताना तेरा अंकी आयएसबीएन जुळवावा, कारण नव्या आवृत्तीला स्वतंत्र क्रमांक असतो आणि नावाने शोधल्यास जुनी व नवी आवृत्ती एकाच चित्राखाली दिसते. लेखाकर्माच्या पुस्तकात शेवटची उत्तरांची पाने आहेत का, संख्याशास्त्राच्या पुस्तकात कोष्टके फाटलेली नाहीत का, हे आधी पाहावे. याच पानांची सर्वाधिक झीज झालेली असते. कागद फारच पातळ, अक्षरे पुसट आणि समासाचे अंतर पानागणिक बदलणारे असेल तर ती चोरून छापलेली प्रत समजावी. ती बेकायदा तर असतेच, शिवाय तिच्यात पाने गायब असल्याचे ऐन परीक्षेच्या आठवड्यात लक्षात येते.

झेरॉक्सबद्दल दोन शब्द, कारण त्याविषयी गैरसमज आहेत. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका छायाप्रत केंद्राविरुद्ध काही मोठ्या प्रकाशकांनी 2012 मध्ये दावा केला होता आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तो अमान्य करताना, अध्यापनासाठी आवश्यक तेवढ्या भागाच्या प्रती काढणे हे प्रताधिकार अधिनियम 1957 च्या कलम 52 मधील अपवादात बसते, असे म्हटले. त्या निर्णयाचा अर्थ कोणतेही पुस्तक संपूर्ण छापून विकावे, असा नाही. आपल्या अभ्यासक्रमातील एका प्रकरणाची प्रत काढणे वेगळे आणि पूर्ण पुस्तकाला स्पायरल घालून घेणे वेगळे. शिवाय हिशेबही पाहावा. पानामागे एक ते दोन रुपये धरले तर चारशे पानांची प्रत चारशे ते आठशे रुपयांना पडते, आणि तेवढ्यात अनेकदा छापील पुस्तकच येते. विनामूल्य मिळालेल्या पीडीएफची सगळी पाने छापून घेणाऱ्यांनाही हेच लागू. उदाहरणसंग्रहाची तेवढी पाने छापावीत, बाकीचे पडद्यावर वाचावे.

ग्रंथालयांचा उपयोग आपल्याला दोन प्रकारे होईल. विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा आणि त्याच्या डिजिटल साठ्याचा वापर ऑनलाइन विद्यार्थ्यांना करता येतो का, हे प्रवेशपुस्तिकेत पाहावे आणि तेथे नसेल तर विचारावे. विचारल्याशिवाय हे खाते क्वचितच उघडून मिळते. सार्वजनिक ग्रंथालयांत वाणिज्याची क्रमिक पुस्तके थोडी असतात, परंतु त्यांच्या अभ्यासिका मोलाच्या आहेत. 1893 मध्ये स्थापन झालेले ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय आणि 1898 पासूनचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही आपल्या मार्गावरील जुनी नावे. त्याखेरीज डोंबिवलीतही आपल्या घराजवळ एखादी अभ्यासिका सापडेल. दोन खोल्यांच्या घरात ऑनलाइन शिकणाऱ्याला पुस्तकापेक्षा शांत टेबलाची चणचण अधिक जाणवते. ओळखीच्या महाविद्यालयात पुस्तक पेढी असेल तर चौकशी करावी, परंतु तिचा लाभ सहसा त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांपुरता असतो.

आता या दोन महिन्यांत काय करावे, याकडे वळतो. आधी वेळेचा हिशेब मांडावा, कारण ऑनलाइन म्हणजे सोयीस्कर आणि सोयीस्कर म्हणजे हलके, असे गृहीत धरणारे विद्यार्थी पहिल्याच सत्रात मागे पडतात. आयोगाच्या नियमांनुसार एका श्रेयांकासाठी एकूण तीस तासांचा अभ्यास अपेक्षित आहे. चार श्रेयांकांचा विषय म्हणजे 120 तास. सत्रात वीस श्रेयांक असतील तर 600 तास, आणि सत्र वीस आठवड्यांचे धरले तर आठवड्याला तीस तास. नोकरी आणि दीड तासाची लोकल सांभाळून हे सगळे तास काढणे बहुतेकांना जमत नाही, हे मला ठाऊक आहे. पण या दोन महिन्यांत रोज एक तास मिळाला तरी साठ तास होतात, म्हणजे एका विषयाचा अर्धा भार आधीच उतरतो. तो विषय कोणता असावा, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही : लेखाकर्म. इतर विषय नुसते वाचून पुढे जाता येते. लेखाकर्म हाताने सोडवावे लागते आणि त्याचा एक घटक कच्चा राहिला तर पुढचे सगळे घटक अडतात.

अभ्यासात खंड पडलेला असल्यामुळे थेट पदवीच्या पुस्तकाला हात घालू नये. बालभारतीची अकरावी-बारावीची पुस्तपालन व लेखाकर्माची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात. आपण बारावीला वाणिज्य घेतले असेल तर उजळणी म्हणून आणि विज्ञान किंवा कला घेतले असेल तर प्रवेशिका म्हणून, पहिले तीन आठवडे केवळ अकरावीचे पुस्तक करावे. दुहेरी नोंद, रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज येथपर्यंत वहीत, पेनाने, उदाहरणे सोडवावीत. उत्तर पाहून समजले असे म्हणण्याला येथे किंमत नाही. त्यानंतर बारावीच्या पुस्तकातून भागीदारीची अंतिम खाती घ्यावीत आणि मग सनदी लेखापाल संस्थेच्या पुस्तकातील तेच प्रकरण उघडावे. आपले शिक्षण मराठी माध्यमातून झाले असेल आणि हा अभ्यासक्रम इंग्रजीत असेल, तर प्रत्येक प्रकरण आधी बालभारतीच्या मराठी पुस्तकात आणि लगेच त्याच्या इंग्रजी आवृत्तीत वाचावे. दोन्ही आवृत्त्यांची रचना एकच असल्यामुळे शब्दकोश न उघडता भाषा अंगवळणी पडते. परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिण्याची मुभा आहे का, हे मात्र आत्ताच विचारून ठेवावे.

उरलेल्या आठवड्यांत संख्याशास्त्राची पहिली दोन प्रकरणे करावीत, त्यासाठी एनसीईआरटीचे अकरावीचे अर्थशास्त्रासाठी संख्याशास्त्र हे पुस्तक पुरेसे आहे. लोकलमध्ये उदाहरणे सोडवण्याचा प्रयत्न करू नये. गाडीत ऐकण्याचे आणि हलके वाचण्याचे काम ठेवावे : अर्थशास्त्राची व्याख्याने, व्यवसाय कायद्यातील व्याख्या, मागील प्रश्नपत्रिकांतील प्रश्न. व्याख्याने घरच्या वाय-फायवर आदल्या रात्री उतरवून घ्यावीत. प्रवासात नेटवर्क ऐनवेळी दगा देते.

तांत्रिक तयारीचे काम फार नाही, पण ते वर्ग सुरू होण्याआधीच उरकावे. प्रवेशाच्या कागदपत्रांतील नाव, आधारवरील नाव आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे मिळवलेले श्रेयांक जमा होतात त्या, खात्यातील नाव एकच आहे का, ते पाहावे. विवाहानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनींना याच कारणाने परीक्षेच्या अर्जावेळी धावपळ करावी लागते. विद्यापीठाच्या अध्ययन प्रणालीत प्रवेश करून एक चाचणी फाइल अपलोड करून पाहावी. हस्तलिखित स्वाध्याय मोबाइलने स्कॅन करून एकाच पीडीएफमध्ये जोडणे आणि मर्यादेत बसेल इतका आकार कमी करणे, हे दोनदा सरावाने करावे, कारण बहुतेक ठिकाणी अंतर्गत मूल्यमापनाला तीस टक्क्यांच्या आसपास गुण असतात आणि मुदतीच्या शेवटच्या तासात प्रणाली मंद होते. परीक्षा घरून, कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली होणार असेल तर त्यासाठी लॅपटॉप लागतो का, हे आता विचारावे. लागत असेल तर नवा घेण्याआधी लॅमिंग्टन रोडवरील जुन्या, दुरुस्त केलेल्या लॅपटॉपच्या किमती पाहून याव्यात आणि हमीची पावती घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

तुकडीतील विद्यार्थ्यांचा एखादा व्हॉट्सॲप गट बहुधा तयार झालाच असेल. त्यात मध्य रेल्वेवरून प्रवास करणारे तिघे-चौघे शोधावेत आणि विकत घ्यायची पुस्तके वाटून घ्यावीत. लेखाकर्माचे पुस्तक मात्र प्रत्येकाचे स्वतंत्र असावे. ते रोज लागते आणि मागून मिळत नाही. अशा गटांत विकल्या जाणाऱ्या अपेक्षित प्रश्नसंचांवर पैसे घालू नयेत. विद्यापीठाच्या मागील प्रश्नपत्रिका विनामूल्य मिळत असताना त्यांतलेच प्रश्न नव्या शीर्षकाखाली विकत घेण्याचे कारण नाही.

सत्र संपल्यावर पुस्तके विकण्याची घाई करू नये. परीक्षा झाल्याबरोबर विकलेले लेखाकर्माचे पुस्तक निकालात केटी लागल्यावर, म्हणजे विषय राहिल्यावर, दुप्पट किमतीला पुन्हा घ्यावे लागते. निकाल लागेपर्यंत आणि पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंत ते ठेवावे. मुदत संपली की मात्र लगेच, तीच आवृत्ती वापरणारी पुढची तुकडी असतानाच, माटुंग्याच्या विक्रेत्याला परत करावे किंवा गटातील नव्या विद्यार्थ्याला द्यावे. एक वर्ष थांबल्यास आणि अभ्यासक्रम बदलल्यास त्याला रद्दीचा भाव मिळतो.